सहा वर्षांच्या मुलासाठी

"मुलाचं वय किती?" खेळण्यांच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं आणि काउंटरपुढे उभी असलेली ती सहज "सहा" म्हणून गेली. त्यात खोटं काहीच नव्हतं. मुलगी लगबगीनं छोट्या शिडीवर चढली आणि वरच्या फळीवरची खोकी काढून काचेच्या काउंटरवर मांडत गेली. एकावर सूर्य आणि त्याचे ग्रह, एकावर माणसाच्या पोटातली आतडी, एकावर देशोदेशीचे झेंडे. "सहाची मुलं हीच नेतात. आणि जरा हुशार असेल तर आठचं दिलं तरी चालतं." तिनं कुठल्याच खोक्याला हात लावला नाही. "यापेक्षा सोपं असेल का?" मुलीनं पाच वर्षांचं काढलं. "अजून सोपं." चारचं आलं, त्यावर आगगाडी होती. "अजून थोडं." मुलगी थांबली. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली. रागाची नव्हे, गणित न जुळल्याची. मग ते जुळल्यासारखा चेहरा करून तिनं मोठ्या आपुलकीनं विचारलं, "काकू, सहाचा मोठा आहे ना? आणि तुम्हाला हवंय त्याच्या धाकट्या भावासाठी?" मागे दोघंतिघं खोळंबली होती. एका बाईच्या हातातलं पोर काउंटरच्या काचेला जीभ लावत होतं. "हो," ती म्हणाली. "धाकट्यासाठी."

म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुठला धाकटा? तिला एकच लेक, लेकीला एकच मुलगा. एका शब्दासरशी तिनं एक नसलेला नातू त्या दुकानात आणून उभा केला होता, चांगला तीन वर्षांचा, गुबगुबीत, वयाप्रमाणे सगळं वेळच्या वेळी करणारा. आणि असलेल्या नातवाला हळूच दाराबाहेर ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, "मग तिकडे खालच्या फळीवर बघा, लाकडातली आहेत. निवांत बघा," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ती मुकाट्यानं खालच्या फळीपाशी गेली, साडी सावरून उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले. या उंचीवरून दुकान एकदम निराळं दिसत होतं. सगळीकडे नुसते पाय, पिशव्या, चाकांची खेळणी, आणि ताज्या लाकडाचा आणि रंगाचा वास. तो वास नाकात शिरला तशी ती जरा वेळ काहीच न बघता नुसती बसून राहिली.

दोन चौक सोडून असलेल्या चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. आजूबाजूची माणसं तिला नंबरवाल्या बाई म्हणत. डोळ्यांचे नंबर काढण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी मुलांचे. मुलं तपासणीला बसली की नाना तऱ्हा करतात. कुणी आधीच्या मुलाचं ऐकून ओळी पाठ करून येतं, कुणाला चष्मा हवाच असतो म्हणून धडधडीत दिसणारं बदक दिसत नाही म्हणतं, कुणाला नको असतो म्हणून न दिसणारी छत्री ठोकून देतं. तिला ते सगळं खुर्चीतल्या नुसत्या चुळबुळीवरून कळायचं. गेल्या वर्षी लेक पहिल्यांदा म्हणाली, "आई, हा हाक मारली तरी बघत नाही गं," तेव्हा तिनं नातवाला, पिल्लूला, त्याच खुर्चीत बसवलं होतं. दुकान बंद असायच्या दिवशी मुद्दाम उघडून. मनात एकच होतं, की नंबर निघावा. जाड काचांचा, बघणाऱ्याला कीव येईल असा का होईना, पण नंबर निघावा. तिनं त्याची हनुवटी टेकवली, दिवा लावला, उजवा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा. दोन्ही डोळे स्वच्छ. असे डोळे महिन्यातून एखाद्याचे दिसतात. आणि चांगले डोळे बघून वाईट वाटण्याची तिची ती पहिलीच वेळ. लेक दाराशी उभी होती. "काय?" म्हणाली. "डोळे छान आहेत," ती म्हणाली, आणि लेकीनं मान फिरवून रस्त्याकडे बघितलं.

आज सकाळी लेकीचा फोन आला तो भराभरा सूचना देणारा. पिल्लूला शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. लाकडीच, प्रत्येक तुकड्याला धरायला खुंटी असलेलं, तीनचारच तुकडे, चित्रं मोठी, रंग भडक नकोत कारण तो बिथरतो. "आणि आई, शैक्षणिकच बघ हं. उगाच काहीतरी खेळणं उचलून आणू नकोस." शैक्षणिक. हा शब्द तिच्या आईच्या तोंडी कधी आला नसता. आई म्हणायची, "डोक्याला काम." दादाच्या डोक्याला काम पाहिजे. दादा तिच्याहून चांगला मोठा. शाळेच्या हेडमास्तरांनी एक दिवस आईला बोलावून, खुर्चीवर बसवून, पाणी देऊन सांगितलं की मुलाला घरीच ठेवा, घरीच काय ते शिकवा. आणि आई तिथून निघाली ती दादाचं बोट धरून सगळा रस्ता काही न बोलता चालत आली. गल्लीतली पोरं दादाला ठोंब्या म्हणत. दादाला ते नाव आवडायचं. कुणी मारली हाक की हसत हसत जायचा.

मग बाबांनी कुठूनसं ते घोडा, गाय आणि कोंबडीचं लाकडी कोडं आणलं. आई बिस्किटांच्या कारखान्यात सकाळपाळीला पॅकिंगला असायची. दुपारी घरी आली की तिच्या अंगाला भाजलेल्या साखरेचा वास यायचा, आणि दादा आधी तिचे दोन्ही हात नाकाशी धरून पोटभर हुंगून घ्यायचा. मग मागच्या खोलीत, गार सिमेंटच्या जमिनीवर, आई कोड्याची पाटी मांडायची. तुकडे काढायची, बाजूला ओळीनं ठेवायची. "हं. घोडा कुठं जातो सांग बघू?" दादा घोडा हातात घ्यायचा. फिरवायचा. घोड्याच्या खाचेच्या कडेनं बोट फिरवायचा, पुढच्या पायापासून मानेपर्यंत, मग कानावरून पाठीवर, इतक्या सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. घोडा मात्र बसवायचा नाही. "घोडा गेला," म्हणायचा. आणि हसायचा. ती तेव्हा लहान, पण तिला ते केव्हाच यायला लागलं होतं. आपल्याला येतं आणि दादाला येत नाही हे तिला कळलं ती दुपार तिच्या अजून अंगावर होती. बोटं शिवशिवायची. एकदा तिनं न राहवून कोंबडी खटकन बसवली तशी आईनं मांडीवर चापट मारली. "तुला कुणी विचारलं? त्याला करू दे." तेव्हापासून ती दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसायला शिकली. जमिनीचा गारवा हाताच्या मागच्या बाजूला, वजन वरून. अजूनही समोरचा पेशंट एखाद्या अक्षराशी अडखळला, तोंडाशी आलेलं सापडेना झालं, की तिचे हात आपोआप मांडीखाली जात.

आई चिकाटीची. तासन्‌तास बसायची. रागावायची, समजवायची, गोड बोलायची, मधेच भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची आणि पुन्हा म्हणायची, "हं, घोडा." खिडकीतून ऊन यायचं ते दादाच्या पायापासून सरकत सरकत आईच्या मांडीपर्यंत पोचायचं. लोक अशा दुपारी आठवून हळहळले असते. पण तिला, आत्ता, या दुकानाच्या फरशीवर बसून, त्या दुपारी आठवत होत्या त्या सुखाच्या म्हणूनच. तिघंही जमिनीवर. बाहेर कुणीतरी गादी झोडपतंय त्याचा धप्प धप्प आवाज. आईच्या अंगाचा साखरेचा वास, लाकडाचा वास, दादाचा श्वास. घरात करायची शंभर कामं पडलेली आणि कुणीच उठत नाही. पुढे इतकं आयुष्य झालं, लग्न झालं, लेक झाली, नवरा गेला, पण तशी कुणीच कुठं न जाणारी दुपार पुन्हा मिळाली नाही.

आणि एक दुपार तर फक्त तिची आणि दादाची. आई शेजारणीनं हाक मारली म्हणून बाहेर गेली होती. बाहेर दोघींचं काहीतरी चाललं होतं. दादानं दाराकडे बघितलं. मग घोडा उचलला आणि खाचेत ठेवला. न फिरवता, न चाचपता, आपण किल्ली खिळ्याला अडकवतो तसा. घोडा बसला. दादानं तिच्याकडे बघितलं. बाहेर आईची चप्पल वाजली तसा त्यानं तो काढून हातात घेतला आणि आई आत येऊन बसली तेव्हा तो आपला खाचेच्या कडेनं बोट फिरवत होता, पुढच्या पायापासून मानेपर्यंत. "घोडा गेला." ती काही बोलली नाही. चुगली करायची नाही असं ठरवलं होतं असंही नाही. बोलण्यासारखं काय घडलं हेच तिला सांगता आलं नसतं. पुढे मोठेपणी कधीतरी, भांडी घासताना, तिला वाटून गेलं की घोडा बसला असता तर आई उठली असती. "झालं बाई एकदाचं," म्हणून उठली असती आणि दुसरं, अवघड काहीतरी घेऊन आली असती. घोडा गेलेला होता तोवर आई बसलेली होती. पण हे आपलं आपल्याला वाटलेलं. दादाला काय वाटत होतं हे कोण सांगणार? तो तर कधीचा गेला. आईच्या पाठीमागे तो तिच्याकडेच राहायला आला. चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "या, या" म्हणायचा. काही माणसं नुसत्या त्या "या"पोटी आत यायची, असं दुकानाचा मालक थट्टेनं म्हणायचा. मग एका थंडीत त्याच्या छातीत कफ भरला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. लेक तेव्हा शाळेत जायला लागली होती.

फळीवर प्राणी होते, फळं होती, वाहनं होती. प्राण्यांमध्ये घोडाही होता. तो तिनं उचलला आणि परत ठेवला. तो नको. तिनं समुद्राचं घेतलं. फिकट निळी पाटी, त्यात होडी, कासव, मासा. खुंटी चिमटीत धरून होडी काढून बघितली, आत बसवून बघितली. कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. खोक्यावर एकाग्रता, तर्कशक्ती, हस्तकौशल्य असं एकाखाली एक छापलं होतं, आणि खाली मोठ्या अक्षरात, वय दीड ते तीन. ती काउंटरकडे गेली. मुलगी कागद कापत म्हणाली, "छान आहे हे. धाकटा खूश होईल. मोठ्याला नको काही? नाहीतर भांडतात हो." तिनं पर्स उघडली, बंद केली. "धाकटा नाहीये," ती म्हणाली. आवाज जरा मोठा लागला असावा, कारण शेजारचा माणूस वळला. "मला एकच नातू आहे. सहा वर्षांचा. हे त्याच्यासाठीच आहे." मुलीनं तिच्याकडे बघितलं. कात्री हातात तशीच. आता ही काही सांत्वनाचं बोलली तर आपण इथं रडू, असं तिला वाटलं. मुलगी म्हणाली, "मग कागद कुठला लावू? पिवळा की हिरवा?" "हिरवा," ती म्हणाली.

चष्म्याच्या दुकानात फोन करून अर्धी रजा सांगितली आणि ती बसनं थेट लेकीकडे गेली. लेकीनं दार उघडलं ते केस कसेतरी वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. "आणलंस? खुंट्या आहेत ना?" पाणीसुद्धा न विचारता तिनं हिरवा कागद फाडला. "रंग बरे आहेत. तुकडे तीनच? चालेल." पिल्लू जेवणाच्या टेबलाखाली पालथा पडून फरशीच्या दोन चौकोनांमधल्या रेघेवरून बोट ओढत होता. आजी आली म्हणून त्यानं वर बघितलं नाही, पण तिच्या पायाजवळ सरकून तिच्या चपलेच्या पट्ट्याला गाल लावला. ही त्याची रीत. ती टेबलाशेजारी खालीच बसली. लेक समोर बसली आणि लगेच सुरू झाली. "पिल्लू, इकडे बघ. ही काय? हो-डी. होडी कुठं जाते? दाखव. आईला दाखव." त्याचं मनगट धरून तिनं होडी खाचेवर नेली, दाबली. "शाब्बास! आता कासव." पोराचा हात तिच्या हातात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

"अगं, त्याला करू दे की," ती म्हणाली.

"हात धरून करवून घ्यायचं असतं. बाईंनी सांगितलंय."

"बरं."

"बरं काय? तुला वाटतं मी घाई करतेय. ह्यांनाही तसंच वाटतं. होईल गं नीट, होईल गं नीट, म्हणतात आणि ऑफिसला जातात. घरात मी असते." लेकीनं कासव दाबून बसवलं. पिल्लूनं ते काढलं. तिनं पुन्हा बसवलं. त्यानं पुन्हा काढलं, मग होडी काढली, मासा काढला, आणि पालथी केलेली पाटी डोक्यावर घेऊन बसला. लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडेच बघत, हळू आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग. हा मामासारखा आहे का?"

या प्रश्नाला तिच्याकडे कधीपासून उत्तर तयार होतं. काहीतरीच काय, मामाचं निराळं, याचं निराळं, आता किती सोयी झाल्यात. ते सगळं ओठांवर आलंही. दुकानात "धाकट्यासाठी" आलं होतं तितकंच सहज. तिनं ते तिथंच थोपवलं.

"थोडा आहे," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"किती?"

"मान तशीच कलती ठेवतो. खूश झाला की बोटं तशीच हलवतो. बाकी मला माहीत नाही गं. मामा बोलायचा, हा बोलत नाही. मामा रडायचा फार, हा रडत नाही. वेगळाच आहे. पण थोडा आहे."

"मला तो आठवतो," लेक म्हणाली. "मला झोका द्यायचा. थांबायचाच नाही. मी ओरडायचे, मामा बास, मामा बास, आणि तो म्हणायचा, बास, बास, आणि अजून जोरात द्यायचा." तिच्या तोंडावर हसू आलं. ते तिथं येईल असं तिला वाटलं नव्हतं बहुतेक, कारण ती लगेच हातानं तोंड पुसायला लागली. "सगळे म्हणायचे मामाजवळ एकटी नको जाऊस. मी जायचेच."

मग तिनं लेकीला घोड्याचं सांगितलं. कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे नीट सांगता येईना. आईची चप्पल आधी आली आणि शेजारीण मागाहून, असं काहीतरी उलटसुलट झालं. लेक ऐकत होती.

"म्हणजे त्याला सगळं येत होतं?" तिचे डोळे मोठे झाले होते. त्यातली आशा बघून तिला लेकीची कीव आली आणि आपलीही.

"नाही गं. घोडा येत होता. गाय आणि कोंबडी खरंच येत नव्हती, मला वाटतं. कोंबडी तर कधीच नाही आली."

लेक खुदकन हसली. मग तीही. "कोंबडी कधीच नाही," लेक पुन्हा म्हणाली आणि दोघी हसत राहिल्या, एकमेकींकडे न बघता, नाकातून पाणी येईपर्यंत. पिल्लूनं डोक्यावरची पाटी जरा उचलून खालून दोघींकडे बघितलं.

"सुखात होता का तो?" हसू ओसरल्यावर लेकीनं विचारलं.

तिनं विचार केला. पायरीवर बसलेला दादा डोळ्यांपुढे आला, ऊन तोंडावर आलं तरी न हललेला, या या म्हणणारा. आणि हॉस्पिटलात तिचा हात हुंगणारा. "बराचसा होता," ती म्हणाली. "आपल्याइतका तरी होताच."

"आणि आजी?"

"आई दमायची," ती म्हणाली. "फार दमायची."

"मी पण दमलेय, आई." हे वाक्य लेकीच्या तोंडून गेल्या वर्षभरात आलं नव्हतं. फोनवर नाही, समोर नाही. सूचना यायच्या, बाईंनी काय सांगितलं ते यायचं, कुठल्या डॉक्टरांची वेळ मिळाली ते यायचं. तिनं पुढे होऊन लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. लहानपणी ताप बघायची तसे.

"पड जरा इथंच. मी आहे."

"बाईंनी सांगितलंय रोज अर्धा तास तरी..."

"पड म्हटलं ना."

लेक फरशीवरच आडवी झाली. उशाला स्वतःचा दंड, एक हात पोटाशी. नुसती डोळे मिटून पडते म्हणाली, आणि म्हणता म्हणता झोपली. तोंड किंचित उघडं, अगदी तिसरीत असताना झोपायची तशी. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा दरवाजा लागला तरी तिला कळलं नाही.

पिल्लूनं पाटी खाली ठेवली. तीन तुकडे इकडेतिकडे पडले होते, त्यातली होडी त्यानं खुंटीला धरून उचलली. आईकडे रांगत गेला आणि होडी तिच्या गुडघ्यावर ठेवली. मान कलती करून बघितलं. उचलून खांद्यावर ठेवली. तिथंही बघितलं. मग पोटावर ठेवली, आणि तिथं मात्र तो थबकला. होडी वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. तो इतका जवळ वाकला की त्याचं नाक होडीला लागायचं राहिलं. दोन्ही हातांची बोटं हवेत भराभर हलायला लागली. मधेच त्यानं होडी उचलली, फरशीवर ठेवून बघितली, टेबलाच्या पायाशी ठेवून बघितली, परत पोटावर आणली. आजी भिंतीला टेकून बघत होती. काही म्हणावं, शाब्बास म्हणावं, हो-डी म्हणावं, असं तिच्या मनात आलं नाही. हललं तर मोडेल असं काहीतरी तिच्यासमोर चाललं होतं, आणि ऊन अजून खिडकीच्या बाहेरच होतं.

पुष्कळ वेळानं तो वळला. तिच्याजवळ आला, तिच्या साडीवर, पोटावर, होडी ठेवली आणि वाट बघत बसला. होडी हलेना. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, त्या स्वच्छ डोळ्यांनी, मग होडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, जरा त्रासून. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास धरून बसलोय.

तिनं तो सोडला.